एकसष्टाची वर्गप्रकृती

कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात एक मिळवला असता पुन्हा वर्गसंख्याच निष्पन्न होते, हा प्रश्न भास्कराचार्यांनी शके १०७२ च्या, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास आपल्या ‘बीजगणिता’त घातला आणि तेथल्या तेथे सोडवूनही दाखविला. त्याचे उत्तर २२६१५३९८० असे असून निष्पन्न होणाऱ्या वर्गाचे मूळ १७६६३१९०४९, म्हणजे एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास, इतके येते. आणि शून्याचे निरर्थक उत्तर वगळले, तर याहून लहान उत्तर अस्तित्वातच नाही. साठाविषयी हाच प्रश्न विचारला तर ४ आणि ३१ या संख्यांवर काम भागते. बासष्टाविषयी विचारला तर ८ आणि ६३ पुरतात. मधल्या एकसष्टालाच दहा अंकी संख्येवाचून गत्यंतर नसावे, हे पाहून जो थबकत नाही त्याला संख्याशास्त्राची गोडी लागणे कठीण.

या प्रश्नाला आपल्या शास्त्रात ‘वर्गप्रकृती’ असे नाव आहे. त्याविषयी विद्वानांत गेली दोनशे वर्षे जी चर्चा चालू आहे, तिच्यातील काही कलमे आता निकालात निघाली आहेत, काहींचा निकाल होणे दूरच आहे, आणि २०२४ साली तिला एक असे वळण मिळाले की सगळी कैफियत पुन्हा एकदा आरंभापासून मांडणे उचित वाटावे. आणखी एक कारण आमच्या मुलुखाशी निगडित आहे. ‘बीजगणिता’वरील ज्या जुन्या टीकेत नियमांच्या सिद्धीचा विचार विशेष कसोशीने केलेला आढळतो, तिच्या कर्त्याचे घराणे मूळचे वऱ्हाडचे, पयोष्णीतीरीचे, आणि अमरावती-अकोल्याकडच्या सुशिक्षित मंडळींनाही ही गोष्ट बहुधा ठाऊक नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

संख्येचे अंतरंग

वादाकडे वळण्यापूर्वी १७६६३१९०४९ ही संख्या जरा जवळून पाहावी. तिच्यातून एक वजा केला तर जी संख्या उरते ती २९७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट असते. तिच्यात एक मिळवला तर जी येते ती ३८०५ च्या वर्गाची १२२ पट, म्हणजे एकसष्टाच्या दुपटीइतकी पट, असते. एकाच संख्येच्या दोन्ही बाजूंना असे दोन वर्ग दडलेले असणे हा योगायोग नव्हे. २९७१८ चा वर्ग हा ३८०५ च्या वर्गाच्या एकसष्ट पटीहून केवळ एकाने उणा आहे, आणि त्या एका नात्यातूनच मोठी संख्या जन्म पावते. हिचे विषमस्थानीचे अंक ९, ०, १, ६, ७ यांची बेरीज २३, आणि समस्थानीचे ४, ९, ३, ६, १ यांचीही २३. तेव्हा शाळेत शिकलेल्या कसोटीप्रमाणे तिला ११ ने निःशेष भाग जातो, आणि भागाकार १६०५७४४५९ येतो. ती एका वर्गाच्या दुपटीहून एकाने अधिक असल्यामुळे तिच्या कोणत्याही मूळ अवयवाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ३ च उरली पाहिजे. ११ या अवयवापुरते पाहिले तर बाकी ३ उरते. तिची सोबतीण २२६१५३९८० ही मात्र लहान अवयवांची आहे: ४, ९, ५, १३, १२७ आणि ७६१ यांच्या गुणाकारातून ती सिद्ध होते. ही पडताळणी कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात होण्यासारखी आहे, आणि ती प्रत्येकाने एकवार स्वहस्ते करावी अशी माझी विनंती आहे.

ब्रह्मगुप्त ते भास्कर

वर्गप्रकृतीचा पाया ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त घातला. प्रश्नात घेतलेली संख्या म्हणजे प्रकृती. जिचा वर्ग प्रकृतीने गुणावयाचा ती कनिष्ठ. जो मिळवावयाचा तो क्षेप. आणि निष्पन्न वर्गाचे मूळ ते ज्येष्ठ. ब्रह्मगुप्ताचा अव्वल शोध असा की, दोन निरनिराळ्या क्षेपांची दोन उत्तरे हाती असली तर त्यांच्या संयोगाने तिसरे उत्तर मिळते, ज्याचा क्षेप हा पहिल्या दोन क्षेपांचा गुणाकार असतो. या संयोगाला ‘भावना’ म्हणतात. क्षेप एक, दोन किंवा चार, धन वा ऋण, इतका लहान झाला की भावनेने रूपक्षेपापर्यंत, म्हणजे एकापर्यंत, पोहोचता येते, हेही त्याने सांगितले. आणि ९२ व ८३ या प्रकृती एका वर्षाच्या आत सोडवील तो गणक, अशी कसोटीही घालून दिली. ब्याण्णवाचे उत्तर १२० आणि ११५१, त्र्याऐंशीचे ९ आणि ८२.

परंतु क्षेप इतका लहान करावयाचा कसा, हे ब्रह्मगुप्ताने सांगितले नाही. ती उणीव ‘चक्रवाल’ पद्धतीने भरून काढली. ही पद्धत भास्कराचार्यांचीच असे दीर्घकाळ मानले जात असे. परंतु १९५४ साली कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकराच्या इ. स. १०७३ मधील ‘सुंदरी’ या टीकेत उद्धृत केलेल्या जयदेव नामक गणितज्ञाच्या आर्या प्रकाशात आणल्या, आणि चक्रवाल निदान पाऊणशे वर्षे तरी अधिक जुने ठरले. जयदेवाचा मूळ ग्रंथ उपलब्ध नाही.

एकसष्टाचा हिशेब भास्कराचार्य असा मांडतात. कनिष्ठ १ घेतले तर ज्येष्ठ ८ आणि क्षेप ३, कारण ६१ मध्ये ३ मिळवले की ६४ होतात. आता असा गुणक शोधावयाचा की जो कनिष्ठाने गुणून ज्येष्ठात मिळवला असता बेरजेस क्षेपाने भाग जावा, आणि ज्याचा वर्ग प्रकृतीच्या शक्य तितका निकट असावा. ७ हा तसा गुणक आहे: ७ आणि ८ मिळून १५, त्यास ३ ने भाग जाऊन ५ येतात, आणि हे नवे कनिष्ठ. सातांचा वर्ग ४९ हा एकसष्टाहून १२ ने उणा, त्यास ३ ने भागून नवा क्षेप ऋण ४. नवे ज्येष्ठ ३९. एका फेऱ्यात क्षेप चारावर आला, तेव्हा पुढचे काम ब्रह्मगुप्ताच्या भावनेचे. क्षेप ऋण एक होतो तेथे ३८०५ आणि २९७१८ हाती येतात, आणि त्यांची त्यांच्याशीच भावना केली की ती दहा अंकी संख्या अवतरते. दोनचार ओळींत आटोपणाऱ्या या गणिताचे सौंदर्य ज्याला शब्दांनी सांगावे लागते, त्याने ते प्रथम स्वतः करून पाहावे, एवढेच मी म्हणेन.

दधिग्रामचे दैवज्ञ

इ. स. १६०० च्या सुमारास कृष्ण दैवज्ञांनी ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ नावाची टीका लिहिली. ‘नवांकुर’ हेही तिचेच नाव, आणि त्या नावाने ती पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३० साली छापली. या घराण्याने आपले मूळ स्थान विदर्भदेशातील पयोष्णीतीरीचे दधिग्राम असे दिले आहे, आणि ते एलिचपुराजवळचे, म्हणजे आजच्या अचलपुराजवळचे, असल्याचा निर्देशही त्यांच्याच ग्रंथांत आहे. कृष्णांचे वडील बल्लाळ काशीस जाऊन राहिले. बंधू रंगनाथांनी ‘सूर्यसिद्धान्ता’वर ‘गूढार्थप्रकाशक’ लिहिले. पुतणे मुनीश्वर यांनी ‘लीलावती’वर टीका आणि ‘सिद्धान्तसार्वभौम’ हा स्वतंत्र ग्रंथ रचला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या कुळाची वंशावळ दिली आहे. वऱ्हाडचा सुभा १५९६ साली मोगलांच्या हाती गेला, त्या पिढीचे हे लोक. कृष्णांना जहांगीर बादशहाच्या दरबारात मान होता, आणि जातकपद्धतीच्या उदाहरणासाठी त्यांनी खुद्द खान-ई-खानान अब्दुर्रहीम यांची कुंडली घेतली.

दधिग्राम नेमके कोणते, याचा निर्णय लागलेला नाही. पयोष्णी म्हणजे पूर्णा असे आपल्याकडे समजतात. तापी म्हणजेच पयोष्णी असे मानणारेही अभ्यासक आहेत. दहिगाव नावाची गावे अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत असून अचलपुराचे सान्निध्य महत्त्वाचे मानले तर अंजनगाव सुर्जीच्या बाजूकडे मन ओढ घेते, तर तेल्हाऱ्याकडील दहिगावही पूर्णेच्याच खोऱ्यातले आहे. अकोटाहून अकोल्यास जाताना गांधीग्रामपाशी जी पूर्णा आडवी येते, तिच्याच काठचे हे लोक होते असे मला वाटते. पण वाटणे हा पुरावा नव्हे, आणि जुनी दफ्तरे व वतनपत्रे कोणी चिकाटीने चाळल्याखेरीज हा तंटा मिटणार नाही.

कृष्ण दैवज्ञांचे खरे महत्त्व त्यांच्या उपपत्तिविचारात आहे. दोन राशींच्या वर्गांच्या बेरजेत त्यांच्या गुणाकाराची दुप्पट मिळवली की राशींच्या बेरजेचा वर्ग होतो, हे चारदोन उदाहरणांत दिसले म्हणून मान्य करता येईल काय, असा प्रश्न ते उपस्थित करतात, आणि उत्तरादाखल एक खोटा नियम पुढे ठेवतात: दोन राशींच्या गुणाकाराची चौपट ही त्यांच्या बेरजेच्या वर्गाइतकी असते. २ आणि २ घ्या, १६ म्हणजे चाराचा वर्ग; ३ आणि ३ घ्या, ३६ म्हणजे सहाचा वर्ग; ४ आणि ४ घेतल्यानेही तोच अनुभव येतो. तरीही नियम खोटा आहे. ३ आणि ५ घेताच तो कोसळतो. म्हणून काही ठिकाणी प्रत्यय आला एवढ्यावर विसंबू नये, कारण अन्यत्र व्यभिचार संभवतो. युक्ती दिलीच पाहिजे. चारशे वर्षांपूर्वी इतक्या स्वच्छपणे मांडलेले हे म्हणणे, माझ्या मते, भास्करीय परंपरेतील अत्यंत मोलाचा ऐवज आहे.

पुनःशोध आणि दोन वाद

युरोपात हाच प्रश्न फेर्माने १६५७ साली आव्हान म्हणून फेकला, आणि उदाहरणादाखल निवडलेल्या संख्यांत ६१ होती, दुसरी १०९. एकशे नवाचे ज्येष्ठ १५८०७०६७१९८६२४९ इतके थोर आहे. इंग्लंडात ब्राउंकर आणि वॉलिस यांनी रीत शोधली. ऑयलरने चुकीने तिचे श्रेय पेल याला दिल्यामुळे ‘पेलचे समीकरण’ हे नाव रूढ झाले. प्रकृती स्वतः वर्ग नसेल तर उत्तर असतेच असते, याची पहिली संपूर्ण सिद्धी लाग्रांजने १७६८ च्या सुमारास दिली. भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ शाहजहानच्या काळात, १६३४ साली, अताउल्ला रुश्दी यांनी फारसीत आणले होते; त्यावरून स्ट्रेची यांनी १८१३ मध्ये इंग्रजी सारांश काढला, आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी मूळ संस्कृतावरून भाषांतर केले. कोलब्रुकांच्या तळटीपांत कृष्ण दैवज्ञ पदोपदी भेटतात. युरोपीय पंडितांना चक्रवालाची ओळख झाली ती अशी, एका वऱ्हाडी कुळातल्या टीकाकाराच्या आधाराने.

पहिला वाद उगमाचा. पॉल टॅनरी यांनी, आणि पुढे १९७६ साली व्हॅन डेर वार्डेन यांनी, ही रीत मुळात ग्रीक असावी असे प्रतिपादन केले. आर्किमिडीजच्या नावावर असलेला गुरांचा कूटप्रश्न वर्गप्रकृतीतच परिणत होतो आणि त्याचे उत्तर २०६५४५ अंकी आहे, हे त्या पक्षाचे एक बलस्थान; असा प्रश्न घालणाऱ्यापाशी काहीतरी रीत असलीच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, ग्रीक ग्रंथांत भावनेसारखी किंवा चक्रवालासारखी रीत कोठेही लिहिलेली सापडत नाही, उलट येथे ब्रह्मगुप्त, जयदेव, भास्कर अशी पायरीपायरीची वाढ डोळ्यांसमोर आहे. दत्त आणि सिंह यांच्या हिंदू गणिताच्या इतिहासापासून हा पक्ष बळावत गेला. उपलब्ध पुराव्याचे वजन मला दुसऱ्या पारड्यात स्पष्ट जास्त दिसते. तथापि हरवलेल्या ग्रंथांच्या बाबतीत नकार सिद्ध करणे कोणालाच शक्य नसते, हे पहिल्या पक्षाच्या बाजूने मान्य केले पाहिजे.

दुसरा वाद अधिक खोल आहे. चक्रवाल प्रत्येक प्रकृतीसाठी शेवटास जातेच, हे भारतीयांना सिद्ध करता येत होते काय? आंद्रे वेय यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात भारतीयांच्या कर्तृत्वाचे मुक्तकंठाने कौतुक करूनही असा अभिप्राय दिला की, रीत नेहमी यशस्वी होते हे त्यांच्या लेखी अनुभवाचे फलित होते, आणि सार्वत्रिक सिद्धीची निकड प्रथम फेर्माला जाणवली. या मताला उत्तर देताना पुष्कळदा आवेशच अधिक दिसतो. वास्तविक दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की गुंता बराच सुटतो. एकेका पायरीची शुद्धता, म्हणजे गुणक घेतल्यावर नवे क्षेप पूर्णांकच का येतात व नाते अबाधित का राहते, याचा उपपत्तिविचार आपल्या टीकापरंपरेत आहे. चक्र अखेर एकावर येऊन थांबतेच, याची सिद्धी उपलब्ध ग्रंथांत दिसत नाही. ती ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये दिली. १९७५ साली स्वीडिश भाषिक गणितज्ञ क्लास-ओलोफ सेलेनिअस यांनी आणखी पुढे जाऊन दाखविले की, भास्करीय रीत ही एका विशिष्ट प्रकारच्या वितत अपूर्णांकाशी जुळते आणि युरोपीय रीतीहून कमी पायऱ्यांत काम उरकते. एकसष्टाच्या बाबतीत, भावनेचा आडमार्ग न घेता दोन्ही रीती तुलनेला ठेवल्या, तर लाग्रांजच्या वाटेने २२ पायऱ्या लागतात, चक्रवालाच्या वाटेने १४.

तेव्हा वेय यांचे विधान सिद्धीच्या अभावापुरते टिकते. परंतु सिद्धीची निकडच जाणवली नव्हती, हे त्याचे दुसरे अंग ‘बीजपल्लवा’पुढे टिकत नाही. ज्या टीकाकाराने उदाहरणांवर विसंबण्याचा दोष इतका उघड करून दाखविला, त्याला सार्वत्रिक युक्तीचे महत्त्व कळत नव्हते असे कोण म्हणेल? मग चक्रवालाच्या समाप्तीविषयी त्यांनी तोच प्रश्न का धसास लावला नाही, हे कोडे मात्र शिल्लक राहते, आणि ते आपल्या बाजूच्या अभ्यासकांनी टाळू नये.

व्यभिचाराची नवी कथा

आता वर उल्लेखिलेले २०२४ सालचे वळण. एकसष्टाच्या हिशेबात मध्येच ३९ आणि ५ ही जोडी आली होती, क्षेप ऋण चार. प्रकृती मूळ संख्या असून तिला चाराने भागल्यास बाकी एक उरत असेल, तर क्षेप चार (धन वा ऋण) देणारी अशी एक सर्वांत लहान जोडी असते, आणि तिच्यावरून पुढची सगळी उत्तरे निघतात. अँकेनी, आर्टिन आणि लाहोरच्या परंपरेतले सर्वदमन चौला यांनी १९५२ च्या सुमारास विचारले: या जोडीतील कनिष्ठाला प्रकृतीने कधी भाग जातो काय? पाचाला एकसष्टाने भाग जाणे नाही, हे उघड आहे. कधीच जात नाही, ही अटकळ त्या तिघांच्या नावाने प्रसिद्ध झाली. चाराने भागून तीन बाकी उरणाऱ्या मूळ संख्यांविषयी तशीच अटकळ मॉर्डेल यांच्या नावाने चालते. तेथे क्षेप एकाचे सर्वांत लहान उत्तर घ्यावयाचे. प्रकृती मूळ असण्याची अट अनाठायी नाही: ४६ या संयुक्त प्रकृतीचे ज्येष्ठ २४३३५ आणि कनिष्ठ ३५८८, आणि ३५८८ ला ४६ ने बरोबर ७८ वेळा भाग जातो.

पुढे संगणकाच्या साह्याने फेरतपासण्या झाल्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभी व्हॅन डेर पुर्टेन, ते रीले आणि विल्यम्स यांनी वीस हजार कोटींपर्यंतच्या मूळ संख्या पारखल्या. एकही अपवाद निघाला नाही. अटकळीवर भिस्त ठेवणाऱ्यांना हा मोठाच दिलासा होता. याउलट संशय घेणाऱ्यांचा हिशेब निराळा होता. एखाद्या मूळ संख्येने कनिष्ठाला सहज भाग जाण्याचा संभव त्या संख्येच्या व्यस्ताइतका धरला, तर सर्व मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज अनंत होत असल्यामुळे अपवादही अनंत असावेत. पण ती बेरीज इतक्या विलक्षण मंद गतीने वाढते की, पहिला अपवाद कोट्यवधींच्या पलीकडे सापडला तरी नवल नाही. कोणता पक्ष खरा, हे दोन दशके अधांतरी राहिले.

मग आंद्रेआस राइनहार्ट यांनी मॉर्डेल यांच्या अटकळीला ३९०२८०३९५८७४७९ हा, आणि २०२४ मध्ये अँकेनी-आर्टिन-चौला अटकळीला ३३१९१४३१३९८४४९३ हा अपवाद शोधून काढला. दुसरी संख्या पंधरा अंकी, पूर्वीच्या तपासणीच्या मर्यादेहून दीड हजार पटींहून अधिक दूर. तरीही भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त परार्धापर्यंत जी अठरा स्थाने सांगितली, त्यांच्या आत सहज मावणारी. अशा प्रकृतींची प्रत्यक्ष उत्तरे इतकी अवाढव्य असू शकतात की ती कागदावर उतरविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चक्राच्या प्रत्येक फेऱ्यात केवळ प्रकृतीने भागून उरणारी बाकी सांभाळली की पुरते. वीस हजार कोटींपर्यंत प्रत्यय, आणि त्यापुढे व्यभिचार! २-२, ३-३, ४-४ या उदाहरणांनी कृष्ण दैवज्ञांनी जो धोका दाखविला होता, त्याचे याहून बोलके प्रत्यंतर मला ठाऊक नाही.

जे अनिर्णीत आहे

अपवाद एक सापडला म्हणून ते अनंत आहेत असे ठरत नाही. संभाव्यतेचा हिशेब तसे सुचवितो, सिद्धी नाही. प्रकृती पाहून तिचे उत्तर किती मोठे असेल हे आधी सांगणारी रीत नाही. साठ, एकसष्ट, बासष्ट यांचा विक्षिप्त क्रम आजही पूर्वीइतकाच अनाकलनीय आहे, जरी उत्तराच्या लांबीची वरची मर्यादा ठाऊक झाली आहे.

क्षेप ऋण एक कोणत्या प्रकृतींना साधतो, या प्रश्नावर मात्र अलीकडे भरीव काम झाले. ज्या प्रकृतींना एकाहून मोठी कोणतीही वर्गसंख्या किंवा चाराने भागून तीन बाकी उरणारी मूळ संख्या भाग देत नाही, त्यांपैकी सुमारे शेकडा ५८ प्रकृतींना तो साधावा, असा स्टेव्हनहागेन यांचा १९९३ चा अंदाज २०२२ मध्ये कोयमन्स आणि पगानो यांनी सिद्ध केला. प्रमाण कळले, एखादी विशिष्ट प्रकृती त्या ५८ त आहे की उरलेल्यांत, हे तिचा हिशेब केल्यावाचून सांगण्याची सोय अजून नाही.

सर्वांत जुना आणि कठीण प्रश्न गाउसचा. प्रकृतीचे वर्गमूळ पूर्णांकांच्या सोबतीला घेऊन जी नवी संख्यासृष्टी उभी राहते, तिच्यात मूळ अवयव पाडण्याची रीत एकच राहते की एकाहून अधिक होतात? उत्तर फार मोठे असले तर रीत एकच राहण्याचा कल दिसतो, कारण उत्तराचा आकार आणि त्या सृष्टीतील गोंधळ या दोहोंच्या गुणाकारावर प्रकृतीच्या वर्गमूळाचे नियंत्रण असते. कोहेन आणि लेन्स्ट्रा यांनी १९८४ साली असा अंदाज बांधला की, मूळ प्रकृतींपैकी शेकडा ७५ हून थोड्या अधिक ठिकाणी रीत एकच राहावी. आणि संगणकांचे कोष्टक त्याला दुजोरा देते. अशा प्रकृती अनंत आहेत एवढे विधानदेखील अद्याप कोणाला सिद्ध करता आलेले नाही.